आठ फेऱ्या, दहा फरश्या

मोजणीबाई : नाही काका, आज चालताना एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही.

शिंपीकाका : अहो, चौदा महिने आपण बोलतच चाललो की! मागच्या खेपेला तर तुम्हीच शेजारणीच्या मांजराची कथा अर्धी टाकलीत. व्यालं का ते?

मोजणीबाई : बोट पुढे करा.

शिंपीकाका : व्यालं का पण?

मोजणीबाई : व्यालं. तीन पिल्लं. बोट, काका.

शिंपीकाका : घ्या. गार आहे, आधीच सांगतो. हल्ली माझं रक्त बोटांपर्यंत यायचा कंटाळा करतं.

मोजणीबाई : ऑक्सिजन एक्याण्णव. बसल्या जागी दम किती? शून्य ते दहा.

शिंपीकाका : एक लिहा.

मोजणीबाई : जिना न चढता, लिफ्टने आलात, पंधरा मिनिटं खुर्चीत बसलात, आणि अजून खांदे वर-खाली होतायत. किती?

शिंपीकाका : तीन. काय झालंय काय तुम्हाला आज?

मोजणीबाई : आता ऐका. "या चाचणीत सहा मिनिटांत जमेल तितकं जास्त अंतर चालायचं आहे. या नारिंगी शंकूपासून त्या नारिंगी शंकूपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. दम लागला तर वेग कमी करा, थांबा, भिंतीला टेका. घड्याळ मात्र थांबणार नाही. पळायचं नाही."

शिंपीकाका : हे वाचून कशाला दाखवताय? पहिल्या दिवशी दाखवलंत ना, मला पाठ झालंय.

मोजणीबाई : दर वेळी वाचून दाखवायचा नियम आहे.

शिंपीकाका : हो? आणि इतके दिवस तो नियम कुठे होता?

मोजणीबाई : माझ्या खणात.

शिंपीकाका : आणि न बोलण्याचा?

मोजणीबाई : तोही. दर मिनिटाला एक ठरलेलं वाक्य, तेवढंच. मी यंत्र धरून एक पाऊल मागे चालणार, नेहमीसारखी. शेजारून चाललं की माझा वेग तुम्हाला लागतो.

शिंपीकाका : मागून चालता ते ठीक आहे. पण मागून बोलताय म्हणून चालवतं मला. मला इतकी सवय झालीय बाई, घरातसुद्धा चालताना मान वळवून मागे बघतो. मग आठवतं, इथं कोण असणार.

मोजणीबाई : बुटाची नाडी बांधा.

शिंपीकाका : मोठ्या मॅडम रागावल्या?

मोजणीबाई : कुणी रागावलं नाही.

शिंपीकाका : मग माझ्याकडे न बघता का बोलताय? चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय मी. माप द्यायला उभं राहिलेलं माणूस रडून आलंय की भांडून, हे मला टेप लावायच्या आधी कळायचं.

मोजणीबाई : तुम्ही चालून घ्या. मग सांगते.

शिंपीकाका : आधी सांगा. मनावर दगड ठेवून माझ्याच्यानं चालवणार नाही. आधीच छातीवर काय कमी ओझं आहे?

मोजणीबाई : ठीक आहे. बसा मग. मीही बसते. तुमचं रक्त मी दर महिन्याला घेते, ते कशासाठी, आठवतं?

शिंपीकाका : वर प्रयोगशाळेत नेता. फुप्फुसातल्या नळ्यांचं प्रेशर का वाढतं, ते बघायला. छातीचं प्रेशर, दंडाचं नाही. एवढंच कळलंय मला. पहिल्या दिवशी मॅडम बरंच बोलल्या होत्या, मी मान हलवत होतो.

मोजणीबाई : नीट ऐका मग. आपल्या अंगातल्या सगळ्या नळ्यांच्या भिंती सतत दुरुस्त होत असतात. जुनं जाळं कापून काढायचं, नवं घालायचं. हे कापायचं काम एन्झाइमं करतात. आणि त्यांना आवर घालणारंही काहीतरी असतं. दोघांचं प्रमाण बरोबर असेल तोवर आपल्याला पत्ताही लागत नाही.

शिंपीकाका : म्हणजे उसवणारा आणि शिवणारा एकाच दुकानात बसलेत.

मोजणीबाई : हो. तुमच्या आजारात हा उसवणारा मोकाट सुटतो. भिंतीतलं लवचीक अस्तर कापत सुटतो, आणि कापलेल्या तुकड्यांमुळेच आजूबाजूच्या पेशींना वाढायचा हुकूम मिळतो. मग त्या वाढत जातात, भिंत जाड होत जाते, ताठ होते.

शिंपीकाका : कळलं. उसवलेलं दिसलं की शिवणारा घाबरून दाट शिवतो. अस्तरावर अस्तर, त्यावर आणखी एक. बाहेरून बाही तेवढीच दिसते, आत हात जात नाही.

मोजणीबाई : मॅडमना चार पानं लागतात हे सांगायला.

शिंपीकाका : त्या शिकलेल्या आहेत, त्यांचा काय दोष. मग? हे आज का सांगताय?

मोजणीबाई : काल वर गेले होते. तिथे निळ्या रंगाची जेलीची पातळ चादर असते. तुमच्या रक्ताचा थेंब वीज लावून तिच्यातून पळवतात. जिथे हे एन्झाइम असतं तिथे ते जेली खातं, आणि निळ्यात पांढरा पट्टा उठतो. जितकं एन्झाइम जास्त, तितका पट्टा रुंद. चौदा महिन्यांचे तुमचे पट्टे शेजारी शेजारी लावले होते. अभ्यासातला तुमचा सात नंबर, ओळीने.

शिंपीकाका : आणि?

मोजणीबाई : पहिले दहा सारखे आहेत, सुतळीएवढे. मग एकदम वाढत गेलेत. शेवटचा माझ्या करंगळीएवढा आहे.

शिंपीकाका : हं.

मोजणीबाई : मॅडम मला म्हणाल्या, "अठरा पेशंटांत सतरा जणांचं जुळतंय. पट्टा रुंद झाला की चाल घटते. फक्त हा सात नंबर. पट्टा तिप्पट झाला आणि चाल तीन महिने तीनशे साठ मीटरवर जागची हललेली नाही. एक तर या एन्झाइमवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, नाहीतर या माणसाला अभ्यासातून वगळायला हवं. तुला काय वाटतं?" मला विचारलं त्यांनी. वीस वर्षांत पहिल्यांदा.

शिंपीकाका : तुम्ही काय म्हणालात?

मोजणीबाई : म्हटलं, यंत्राची बॅटरी बघून येते. आणि खाली येऊन इथे, याच खुर्चीत बसले.

शिंपीकाका : बाई...

मोजणीबाई : मला बोलू द्या, मध्ये थांबले तर राहून जाईल. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही अकरा फेऱ्या चाललात. त्याआधी कायम बारा, तेरा. शेवटी तुम्ही शंकूपाशी वाकून उभे होतात, ओठ निळे पडले होते, आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "बारा झाल्या ना हो बाई?" मी म्हटलं, झाल्या. आणि बाराच लिहिल्या. पुढच्या महिन्यात तुम्ही दहा चाललात. आता दहा लिहावं तर एका महिन्यात एवढी घसरण कशी, असं कुणीतरी विचारणार. म्हणून परत बारा. मागच्या महिन्यात नऊ. तेव्हाही बारा. काका, तुमचा पट्टा खरं बोलत होता. खोटं मी बोलत होते.

शिंपीकाका : झालं सांगून?

मोजणीबाई : झालं. ओरडा मला. तीनशे मीटरच्या खाली गेलात की त्याच आठवड्यात तुमचं औषध बदलायचं ठरलेलं होतं. मागच्याच महिन्यात बदलायला हवं होतं. तुमचा एक अख्खा महिना मी खाल्ला. हृदयाची उजवी बाजू त्या अरुंद नळ्यांत रक्त ढकलून ढकलून थकत असते, तिच्यासाठी महिना म्हणजे किती, हे मला ठाऊक होतं. बोला ना काहीतरी!

शिंपीकाका : ही वही बघा.

मोजणीबाई : कसली?

शिंपीकाका : मापाची. दुकान बंद केलं तेव्हा बाकी सगळं दिलं, ही ठेवली. मागून उघडा. नाही नाही, ते एका हवालदारांच्या पँटचं माप आहे. आणखी मागे.

मोजणीबाई : "अकरा फेऱ्या, सात फरश्या." "दहा फेऱ्या, दोन." "नऊ फेऱ्या, चार." काका, हे...

शिंपीकाका : या बोळात एका शंकूपासून दुसऱ्यापर्यंत पन्नास फरश्या आहेत. एक फरशी साठ सेंटिमीटर. पहिल्या दिवशी तुम्ही खुर्ची आणायला गेलात ना, तेव्हा खिशातला टेप काढून मोजली. शिंप्याच्या पुढ्यात लांबी पडून आहे आणि तो गप्प बसलाय, असं होतं का कधी? चालताना मी तुमच्याशी बोलत असतो, पण फरश्या आपोआप मोजल्या जातात.

मोजणीबाई : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

शिंपीकाका : पहिल्याच वेळेपासून. "बारा झाल्या ना" असं विचारलं तेव्हाही माहीत होतं की अकराच झाल्यात.

मोजणीबाई : मग विचारलंत का?

शिंपीकाका : गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढतं, तसं केलं. बघू म्हटलं, शिंपी काय करतो.

मोजणीबाई : आणि शिंप्यानं...

शिंपीकाका : शिंप्यानं मान्य केलं. मी स्वतः आयुष्यभर तेच केलं, बाई. समोरचा पोट आत ओढून उभा राहिला की काही न बोलता वहीत दोन इंच मनानेच वाढवायचे. त्याचा मान राहतो, कपडाही अंगाला होतो. पण मी वाढवायचो ते खरं माप असायचं. तुम्ही त्याने ओढून धरलेलं पोटच लिहून घेतलंत. बटण आता लागणार नाही.

मोजणीबाई : तुम्ही हसताय? मी काल दुपारपासून घास गिळलेला नाही. वाटत होतं, या माणसाचा जीव माझ्या हातानं... आणि तुम्ही घरी जाऊन वहीत खरे आकडे लिहीत होता! गुपचूप! एका शब्दानं म्हणाला असतात, "बाई, चुकलं तुमचं, अकराच आहेत"!

शिंपीकाका : ओरडू नका. तिकडून सिस्टर बघतायत.

मोजणीबाई : बघू देत! का नाही बोललात?

शिंपीकाका : झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून.

मोजणीबाई : म्हणी नका सांगू मला.

शिंपीकाका : अकरा नंबरच्या बाई आठवतात? हिरवी शाल घेऊन यायच्या त्या. त्यांची चाल घटली, त्यांना तो पंप लावला. कमरेला डबी, छातीत नळी, औषध दिवसरात्र चालू. तेव्हा त्यांच्याशी बाकावर बसून बोललो होतो मी. ते औषध रोज कालवायला लागतं, पिशवी बदलायला लागते, नळी स्वच्छ करायला लागते. बंद पडलं तर थोड्या वेळात जिवावर बेततं. म्हणून रुग्णाबरोबर आणखी एका माणसानं शिकायचं असतं. त्यांचा नवरा तीन दिवस येऊन शिकला. मोठ्या अक्षरांत लिहून न्यायचा, बाईंनी हसत हसत सांगितलं मला.

मोजणीबाई : हो. तसा फॉर्मच असतो.

शिंपीकाका : तो फॉर्म त्यांनी मला दाखवला. दुसऱ्या ओळीत विचारलंय, औषध भरायला शिकणाऱ्या व्यक्तीचं नाव. मी घरी गेलो आणि त्या ओळीत कुणाला बसवायचं, याचा विचार करत बसलो. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दोन समुद्र ओलांडून आहे. रविवारी फोन करतो. "बरे आहात ना?" "बरा आहे." "बरं, ठेवतो." त्याचाही दोष नाही, मी कधी नाही म्हणालोच नाही. वरच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं आहे, त्यांना माझाच हात लागतो औषधाच्या बाटलीचं झाकण उघडायला. मी चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले, बाई. कुणाचा खांदा उतरता आहे, कुणाचा एक पाय अर्धा इंच आखूड आहे, सगळं मला माहीत. पण त्या ओळीत लिहायला एक नाव सापडेना.

मोजणीबाई : मुलाला विचारलं होतंत?

शिंपीकाका : विचारलं. महिनाभर येशील का म्हटलं. "बघतो" म्हणाला. त्याला पंधरा दिवस झाले.

मोजणीबाई : मला सांगायचं होतं.

शिंपीकाका : काय सांगायचं? माझं कुणी नाही म्हणून? ते का आकडे आहेत, फॉर्ममध्ये भरायला? ते सांगण्यापेक्षा तुम्ही बारा लिहिताय ते बरं वाटलं. दर महिन्याला इथे यावं, सहा मिनिटं कुणीतरी मागून बोलत यावं, खाली जाऊन चहा प्यावा, घरी जावं. मला वाटलं, जितके दिवस चालेल तितके दिवस. मरायची मला तेवढी भीती वाटत नाही. त्या कोऱ्या ओळीची वाटते.

मोजणीबाई : रुमाल आहे का तुमच्याकडे?

शिंपीकाका : तुम्ही का रडताय आता? तुम्ही तर दयेपोटी केलंत.

मोजणीबाई : मीही स्वतःला तेच सांगत होते. दया आली, माणूस थकला होता, म्हणून एक फेरी वाढवली. पण ते तेवढंच नव्हतं. तीनशेच्या खाली गेलात की पंप लावायला तुम्ही मोठ्या इस्पितळात जाणार, ही चाचणी तिथे होणार, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी हा बोळ रिकामा.

शिंपीकाका : तुमच्याकडे काय, आणखी सतरा पेशंट आहेत.

मोजणीबाई : ते चालतात आणि जातात. काका, आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तोवर घरी गेलं की कुणीतरी विचारायचं, उशीर का झाला. आता मी मुद्दाम उशीर केला तरी कुणाला कळत नाही. महिनाभरात काहीही घडलं, मांजर व्यालं, लिफ्टमध्ये कुणी अडकलं, दुकानदारानं चुकीच्या मापाच्या चपला दिल्या, की मी ते बाजूला काढून ठेवते. मंगळवारी काकांना सांगायला म्हणून. तीनशे साठ लिहिताना माझ्या डोक्यात हे होतं. तुमचा दम नव्हता.

शिंपीकाका : चपलांचं काय झालं?

मोजणीबाई : एक सात नंबरची, एक आठ. मी तीन दिवस तशीच घातली. परत करायला गेले तर तो म्हणाला, आता वापरलीत.

शिंपीकाका : घ्या. आपण दोघंही सारखेच शहाणे.

मोजणीबाई : आज दुपारी मी मॅडमना सगळं सांगणार आहे. तीन आकडे खोडून खरे लिहिणार, खाली सही करणार. फरश्या मला आठवत नव्हत्या, आता तुमच्या वहीतून घेते. तुमचा परवानगी आहे ना?

शिंपीकाका : तुमचा नाही, तुमची.

मोजणीबाई : काय?

शिंपीकाका : तुमची परवानगी. एवढी घाबरलात, की बोलताना टाका सुटतोय. घ्या वही. पण नोकरीचं काय?

मोजणीबाई : जाईल, किंवा फायलींच्या खोलीत बसवतील. तिथे खिडकी नाही, पण खोटं लिहायलाही काही नाही.

शिंपीकाका : आणि मला वगळणार?

मोजणीबाई : नाही. आता तुम्हाला वगळायचं कारणच उरत नाही. अठराच्या अठरा जुळतात. त्या उसवणाऱ्याला आवर घालणारं औषध अजून कुणाकडे नाही, काका. तेच शोधायला हे चाललंय. तुमच्या रक्ताच्या चौदा नळ्या वाया जाणार होत्या, त्या गेल्या नाहीत.

शिंपीकाका : चौदा नळ्या. मला वाटलं होतं, त्या रक्ताचं काही होतच नसेल.

मोजणीबाई : उठा आता. आज खरं चालायचं. मी कानाला खडा लावलाय, मला बोलायला लावू नका.

शिंपीकाका : आणि कमी भरलं तर?

मोजणीबाई : तर कमी लिहीन. तयार? चला.

(ती घड्याळ सुरू करते आणि एक पाऊल मागे राहून चालू लागते. बोळात फक्त बुटांचा आवाज आणि त्याचा श्वास.)

मोजणीबाई : छान चाललंय. पाच मिनिटं राहिली.

मोजणीबाई : असंच चालू ठेवा. चार मिनिटं राहिली.

मोजणीबाई : छान चाललंय. अर्धा वेळ झाला.

शिंपीकाका : थांबतो... जरा.

मोजणीबाई : हवं तर भिंतीला टेका. बरं वाटलं की पुन्हा चालायला लागा.

शिंपीकाका : बोला ना... काहीतरी. पिल्लं... कुठल्या रंगाची?

मोजणीबाई : असंच चालू ठेवा. दोन मिनिटं राहिली.

शिंपीकाका : फार... दुष्ट आहात.

मोजणीबाई : छान चाललंय. एकच मिनिट राहिलं.

मोजणीबाई : थांबा. आहात तिथेच थांबा. मी खुर्ची आणते. बसा. डोकं पुढे करू नका, पाठ टेका. हळू. नाकानं घ्या, ओठ चंबू करून सोडा. ब्याऐंशी. बोलू नका अजून.

मोजणीबाई : पंच्याऐंशी. दोन पांढरी आहेत, आणि एक पिवळसर, तिच्या कानावर काळा ठिपका. पिवळसर सगळ्यांत हावरट. अठ्ठ्याऐंशी. दम किती?

शिंपीकाका : सात.

मोजणीबाई : मागच्या वेळी चार म्हणाला होतात.

शिंपीकाका : मागच्या वेळीही सातच होता. किती झालं अंतर? आधी तुम्ही सांगा, मग मी सांगतो.

मोजणीबाई : आठ फेऱ्या. आणि या फेरीच्या... आठ, नऊ, दहा फरश्या.

शिंपीकाका : आठ फेऱ्या, दहा फरश्या. बरोबर.

मोजणीबाई : दोनशे सेहेचाळीस मीटर. लिहू?

शिंपीकाका : लिहा.

मोजणीबाई : लिहिलं.

शिंपीकाका : अजब आहे. एवढं कमी भरलं आणि मला हलकं वाटतंय. आता तो फॉर्म येणार ना?

मोजणीबाई : माझ्या खणातच आहे. तुम्ही इथेच बसा, मी आणते. हा घ्या. पहिल्या ओळीत तुमचं नाव. ते मी लिहिते, तुम्ही दम खा.

शिंपीकाका : दुसऱ्या ओळीत लिहा, कुणी नाही. ते काय करतील ते करतील. एखादी नर्स देतील, नाहीतर दुसरं काहीतरी देतील. मी आता पोट आत ओढणार नाही.

मोजणीबाई : दुसऱ्या ओळीत मी लिहितेय, थांबा जरा.

शिंपीकाका : काय लिहिताय? बाई, हे तुमचं नाव आहे.

मोजणीबाई : मला वाचता येतं, काका.

शिंपीकाका : खोडा ते. दया नकोय मला.

मोजणीबाई : दया नाही. आईच्या पोटात नळी घातली होती, तिचं सगळं मी पावणेदोन वर्षं केलंय. माझा हात स्वच्छ आहे. तुमच्या घरापासून माझं घर चालत बारा मिनिटांवर आहे, माझ्या चालीनं. माझं काम नऊला सुरू होतं. सात वाजता मी उठून खिडकीशी बसलेली असते आणि नऊ वाजायची वाट बघते. ते दोन तास मला नको झालेत.

शिंपीकाका : रोज यायचं म्हणजे चेष्टा नाही. आजारी पडाल, पाहुणे येतील...

मोजणीबाई : कोण पाहुणे?

शिंपीकाका : ...बरोबर आहे.

मोजणीबाई : आणि मुलाला आज फोन करा. रविवारची वाट बघू नका. "बरा आहे" म्हणायचं नाही. "दोनशे सेहेचाळीस" म्हणून सांगायचं, आणि त्याचा अर्थ सांगायचा. तो आला तर मी त्यालाही शिकवीन. आणि मॅडम कदाचित मला नाही म्हणतील, हेही आत्ताच ऐकून ठेवा. मी केलंय त्यानंतर त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा?

शिंपीकाका : मी सांगेन त्यांना.

मोजणीबाई : काय सांगाल?

शिंपीकाका : की या बाईंनी आज सहा मिनिटं तोंड उघडलं नाही. मी मागत असताना. मला तेव्हा राग आला होता, पण तेव्हाच कळलं, की या हातांनी औषध मोजलेलं चालेल.

मोजणीबाई : पुढच्या महिन्यापासून तुमची चाल मी मोजणार नाही. मोठ्या इस्पितळात दुसरं कुणीतरी असेल.

शिंपीकाका : मग इथे बाकीच्यांना जे मोजतील त्यांना सांगा, त्या कोपऱ्यातली फरशी अर्धी आहे. शंकू तिच्या अलीकडे ठेवायचा.

मोजणीबाई : सांगते. आता हे शेवटचं. नाव झालं, पत्ता झाला, फोन झाला. पुढच्या चौकोनात विचारलंय, रुग्णाशी नातं.

शिंपीकाका : तिथे काय लिहिणार?

मोजणीबाई : तेच बघतेय. मुलगी म्हणावं तर खोटं. शेजारीण म्हणावं तर तेही खोटं. आज आणखी एक खोटं माझ्याच्यानं लिहवणार नाही.

शिंपीकाका : मग कोरं ठेवा.

मोजणीबाई : कोरं ठेवलं की फॉर्म परत येतो.

शिंपीकाका : मग जे आहे तेच लिहा ना, बाई. लिहा, मागून चालते.